बहिणीची पेटी

मिशनच्या दवाखान्यात लिसियातेला सगळे दारवाला म्हणायचे. हातात काठी नाही, कमरेला किल्ल्यांचा जुडगा नाही, फाटकापाशी खुर्ची नाही, तरी दारवाला. कुणाचा मेल पोचला नाही की व्हरांड्यातून हाक यायची, "अरे, त्या दारवाल्याला विचारा, माझं पत्र कुठे डांबून ठेवलंय." माणूस जाडजूड, संथ, खालच्या पट्टीत बोलणारा. चर्चच्या गाण्यात सगळ्यात खालचा सूर त्याचा. हाक आली की उठून यायचा, मुकाट ऐकून घ्यायचा आणि आपल्या खोलीत परत जायचा. ती खोली म्हणजे पूर्वीची चादरींची कोठी. नुकुआलोफा आमच्या बेटांची राजधानी, तिथल्या उन्हात ती भट्टीसारखी तापायची आणि तिथेच एका लाकडी फळीवर दवाखान्याचा मेल सर्व्हर घरघरत असायचा.

तो सर्व्हर त्याने स्वतःच्या हातांनी उभा केला होता. दोन वर्षं ऑकलंडला राहून शिकून आला होता गडी. आधी कुंपण, मग घर, असं त्याचं म्हणणं. कुंपण म्हणजे फायरवॉल. बाहेरच्या जगातून जे काही येईल ते आधी तिच्यावर आपटणार. तिला नंबर घातलेली दारं असतात. त्याने झाडून सगळी लावून घेतली आणि पंचवीस नंबरचं, मेलचं दार तेवढं किलकिलं ठेवलं. सर्व्हर कुंपणाच्या आत. बाहेरच्यांना फक्त कुंपणाचा पत्ता ठाऊक. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिले कित्येक दिवस इथून गेलेलं प्रत्येक पत्र परत यायचं. पलीकडचे सर्व्हर म्हणायचे, नाव एक सांगतोस आणि पत्ता दुसराच दिसतो, तू लबाड आहेस. लिसियाते जेवणाचा डबा तसाच ठेवून त्या नावा-पत्त्याची जोडी जुळवत बसायचा. शेवटी जुळली, आणि ऑकलंडच्या मोठ्या हॉस्पिटलातून पहिलं उत्तर आलं तेव्हा त्याने कोठीतल्या कोठीत भजनाची एक ओळ म्हणून घेतली.

मग बेटांची पाळी आली. ओलोमोतू बेटावर मिशनचं छोटं बाळंतघर होतं आणि तिथली नर्स होती लूपे, लिसियातेची थोरली बहीण.

आता आमच्याकडे बहिणीचा मान म्हणजे काय, हे परक्याला सांगून पटत नाही. पोरगा जरा मोठा झाला की त्याचं अंथरूण घरातून उचलतात आणि वेगळ्या झोपडीत टाकतात, कारण घरात बहीण आहे. ती खोलीत आली की हा उठणार. तिच्या समोर टीव्ही लावणार नाही, चावट विनोद करणार नाही, तिच्या सामानाला हात लावणार नाही. आणि बाईच्या शरीराबद्दल एक अक्षर, तिच्या तोंडून त्याने ऐकायचं नाही की त्याच्या तोंडून तिने. हसायचं असेल त्यांनी हसावं. याच लूपेने लहानपणी त्याला पाठुंगळीला मारून खडकांवरून, पायाला शंख-शिंपले टोचत, पलीकडच्या काठावर शाळेत नेलं होतं. बोलणं बंद म्हणजे माया बंद, असं आमच्यात कुणी समजत नाही.

त्यामुळे ओलोमोतूला उपग्रहाची तबकडी बसवून झाल्यावर मेल कसा पाठवायचा हे शिकवताना लिसियाते खोलीत उभा, लूपे भिंतीपलीकडे चुलीपाशी, आणि मधल्या दारात तिचा नवरा किटिओने, असा कारभार चालला.

"दाजी, तिला सांगा, आधी हिरवा दिवा लागू द्यायचा. मग लिहायला बसायचं," लिसियाते म्हणाला.

भिंतीपलीकडून लूपे म्हणाली, "अहो, त्याला म्हणावं, तुझा हिरवा दिवा लागेस्तोवर बाई बाळंत होऊन घरी जाईल."

किटिओनेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ऐकू येतंय ना तुला? मग मी काय पोपट आहे मधे?"

"तुम्ही सांगा, दाजी. रीत आहे."

"रीत तुमची आणि घसा माझा," किटिओने म्हणाला, पण त्याने सांगितलं. वादळाची बातमी आली की तबकडी काढून पलंगाखाली ठेवायची, वारा सरला की परत लावायची, फोनचा मनोरा पडला तरी हिच्यातून मेल जाईल, हेही सांगितलं. दुपारी चुलीवरून नारळाच्या दुधातली अळूची पानं आली, खारं मटण भरलेली, आणि त्यासोबत किटिओनेच्या तोंडी निरोप आला, "म्हणते, ऑकलंडला जाऊन डुक्कर झालाय नुसता, तरी खा म्हणावं." लिसियातेने पान चाटून पुसून खाल्लं.

पुढे वर्षभराने घात झाला. कुठल्याशा बेटावरच्या बाळंतघराचा पासवर्ड कुणीतरी चोरला आणि त्याच्या आडून दवाखान्याच्या सर्व्हरमधून जगभर घाणेरड्या जाहिराती सुटल्या. दवाखान्याचं नाव काळ्या यादीत गेलं. ऑकलंडला पेशंट पाठवायची पत्रं जाईनात, उत्तरं येईनात. किडनीचा आजार असलेल्या एका पोराचं ऑकलंडला जाणं त्यापायी लांबलं. मिशनच्या मंडळाच्या बैठकीत पाद्रीबाबांनी लिसियातेला उभं केलं. "भिंत बांधलीस छान आणि दार उघडं टाकून कावाच्या वाट्या रिचवायला गेलास," ते म्हणाले. वीस माणसांसमोर. त्याने मान खाली घातली ती घरी पोचेपर्यंत वर केली नाही.

त्यानंतर त्याने दार असं आवळलं की मुंगी शिरायची नाही. ओळखीच्या पत्त्यावरून आलेलं पत्र सरळ आत. अनोळखी पत्त्यावरून आलेलं अडकवून ठेवायचं, माणसाने उघडून डोळ्यांनी पाहायचं, मगच पुढे सोडायचं. न उघडता सोडायची सोयच त्याने ठेवली नाही. उद्या कुणी आळस करून न बघता ढकलून देईल म्हणून. आणि बेटांवरच्या तबकड्यांना कंपनी दर वेळी नवा पत्ता द्यायची, तेव्हा बेटांची सगळीच पत्रं अनोळखी ठरून अडकायची. लिसियाते रोज सकाळी चहा घेऊन बसायचा आणि एकेक उघडून सोडायचा. औषधं संपली, सुया पाठवा, छपराची गळती, असलंच काहीबाही असायचं.

एके सकाळी त्याने असंच एक उघडलं आणि ते लूपेचं निघालं. डॉक्टरांना लिहिलेला महिन्याचा अहवाल. कुठल्या बाईला कुठे टाके पडले, कुणाचं काय बाहेर आलं, सगळं नर्सने लिहावं तसं उघडं लिहिलेलं. खाली बहिणीचं नाव. लिसियाते चटका बसल्यासारखा उठला तो बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला. मग तो मेलियामेकडे गेला. मेलियामे नोंदणीच्या खिडकीवरची प्रौढ बाई, तोंडाने फटकळ, मनाने सोनं.

"एक काम आहे तुमच्याकडे," तो म्हणाला. "ओलोमोतूची पत्रं तुम्ही बघाल का? मला ती बघता येत नाहीत."

मेलियामेने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जास्त काही विचारलं नाही. "बघीन. पण मला ते तुझं मशीन शिकव. आणि मोठ्या अक्षरात दिसायला हवं, माझे डोळे गेले आता."

त्याने सर्व्हरमध्ये एक नियम घातला. लूपेकडून जे येईल ते त्याच्यासमोर यायचंच नाही. वेगळ्या पेटीत जाऊन पडायचं आणि ती पेटी मेलियामेने उघडायची. त्याला फक्त आकडा दिसायचा, पेटीत किती पत्रं आहेत तो. मेलियामेने उघडली की आकडा शून्य व्हायचा. हवी तर तोही ती पेटी उघडू शकत होता, सर्व्हर त्याचाच होता. पण बोट तिकडे जायचं नाही.

ही गोष्ट त्याच्या आईच्या कानावर गेली आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. चर्चबाहेर बायकांना धरून धरून ती सांगायची, "माझ्या लेकाने मशीनला बहिणीचा मान शिकवला." पाद्रीबाबांनी तर प्रवचनातच घेतलं ते. ज्या तोंडाने त्याला वीस माणसांत झोडपलं त्याच तोंडाने भर चर्चमध्ये कौतुक. लिसियातेने पुन्हा मान खाली घातली, पण या वेळी लाजून. मला विचाराल तर त्या दिवशी कुणीतरी एकाने तरी विचारायला हवं होतं, की मेलियामे आजारी पडली तर काय. कुणाच्या डोक्यात आलं नाही. चांगली गोष्ट झाली म्हटल्यावर तिच्यात खोट काढायला कोण बसतो?

लूपेला चाळिशीत दिवस गेले. लिसियातेला हे कुणी सांगितलं नाही, सांगणारही नव्हतं. पण आई अधूनमधून डोळे पुसायची आणि हसायची. बायको, सेलुवाया, दुपारी लहान लहान अंगडी शिवत बसायची आणि तो आला की त्यावर चादर ओढायची. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे घरात सगळ्यांना कळलं होतं, आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पुढच्या फेरीबोटीने लूपे नुकुआलोफाला येणार, इथेच राहणार, एवढं तो ऐकून होता. त्याने न बोलता मागच्या खोलीचं छप्पर शाकारलं, दाराला नवी कडी लावली आणि आपलं अंथरूण शेजारच्या चुलत भावाकडे हलवलं.

बोट सुटायच्या आधी वादळ आलं. नुकुआलोफात केळी आडवी झाली, पत्रे उडाले, वीज गेली आणि आली. ओलोमोतूचा फोनचा मनोरा पडला. फेऱ्या बंद झाल्या. दवाखान्याचे डॉक्टर मोआला मदतीच्या बोटीवर औषधं घेऊन त्याच बाजूच्या बेटांकडे निघाले. बोटीवरच्या यंत्रावर त्यांना मेल मिळत होता, त्यामुळे जिथून हाक येईल तिकडे ते जात होते. आणि मेलियामे वादळाच्या आदल्या दिवशी भावजयीच्या मातीला म्हणून दुसऱ्या बेटावर गेलेली, ती तिकडेच अडकली. तिचाही फोन लागेना.

शनिवारी दुपारी लिसियाते कोठीत आला तेव्हा बहिणीच्या पेटीवर एकचा आकडा होता.

त्याला पहिल्यांदा बरंच वाटलं. म्हणजे तबकडी शाबूत आहे, किटिओनेने पलंगाखाली ठेवली होती. आम्ही सुखरूप आहोत, एवढं कळवलं असेल. तो हात जोडून क्षणभर बसला. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. सुखरूप असल्याचं लिहायचं तर ती आईला लिहील, सेलुवायाच्या घरच्या पत्त्यावर. डॉक्टरांना कशाला लिहील?

मेलियामे नाही तर ती पेटी उघडायचा हक्क दवाखान्याच्या मेट्रनबाईंचा, म्हणून तो त्यांच्या घरी गेला. मेट्रनबाई लेकीचं छप्पर उडालं म्हणून दूरच्या गावी गेल्या होत्या. उद्या संध्याकाळच्या प्रार्थनेला येतील, शेजारीण म्हणाली. तो घरी आला. सेलुवाया अंगणातला चिखल ओढत होती.

"ओलोमोतूहून मेल आलाय," तो म्हणाला.

तिने खराटा टाकला. "काय म्हणतात?"

"उघडला नाही. पेटीत आहे."

"मग चल, मी उघडते. मला काय धाड भरलीय?"

"तू दवाखान्याची नाहीस. पेशंटची पत्रं असतात त्यात. मंडळाने बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नको म्हणून लिहून घेतलंय माझ्याकडून. एकदा झालं तेवढं पुरे."

सेलुवाया पुढे आली. "मंडळाचं सोड. तूच उघड की. ही वेळ आहे होय मान बघायची?"

"तू बोलू नकोस त्यावर."

"मी नाही बोलत. मी काय, बाहेरून आलेली." ती आत गेली आणि तिने भांडी आपटली. तिलाही रीत ठाऊक होती, तिलाही भाऊ होते, आणि तिच्या भावाने असं केलं असतं तर तीच शरमेने मेली असती. म्हणून तिनेही लावून धरलं नाही. याचं तिला आजवर वाईट वाटतं.

रविवारी आमच्याकडे सगळं ठप्प. दुकान नाही, काम नाही, पोहणंसुद्धा नाही. लिसियाते सकाळच्या प्रार्थनेला उभा राहिला आणि त्याचा खालचा सूर लागेना. मधूनच तो रांगेतून निघाला आणि दवाखान्यात गेला. पेटीवर तीनचा आकडा होता.

तो खुर्चीवर बसला. एक बटण दाबायचं होतं. डॉक्टर बोटीवर होते, बोट त्याच बाजूला होती, पत्र सुटलं की पोचणार होतं. हे सगळं त्याला कळत होतं, तो खुळा नव्हता. न उघडता सोडायची सोय पुन्हा घालावी म्हणून त्याने हात घातला. पण ते काम घाईचं नव्हतं, एक चूक झाली तर सगळंच टपाल बंद पडणार आणि डॉक्टरांना कुणाचंच पत्र जाणार नाही. त्याने हात काढून घेतला. मग पेटीवर बोट ठेवलं. उघडल्यावर समोर काय दिसेल ते त्याला माहीत होतं: त्याच्या बहिणीचं अंग, तिच्याच शब्दांत. ते डोळ्यांनी वाचून, तिच्या लेकराच्या बारशाला तिच्या अंगणात तो कुठल्या तोंडाने बसणार होता? त्याने बोट उचललं. पुन्हा ठेवलं. पुन्हा उचललं. लांबच्या चर्चमधून गाणं संपल्याचं ऐकू आलं आणि लोक घरोघर जेवायला गेले, तरी तो तिथेच बसून होता. शेवटी तो उठला, चुलत भावाची गाडी मागून घेतली आणि मेट्रनबाईंच्या लेकीच्या गावाला निघाला. पडलेली झाडं ओलांडत पोचला तेव्हा बाई जेवून आडव्या झाल्या होत्या.

त्या तशाच उठून गाडीत बसल्या. कोठीत आल्यावर लिसियातेने कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि तो बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आतून बटणं दाबल्याचा आवाज आला. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "दोन सोडलीत डॉक्टरांना. अंगावरून रक्त जातंय तिच्या. काल दुपारपासून." मग म्हणाल्या, "तिसरं मी उघडलं नाही. ते डॉक्टरांना नाही. तुझ्या नावाने आहे."

डॉक्टरांची बोट अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. पत्र मिळताच वळली. पहाटे पोचली तेव्हा मूल जिवंत होतं, मुलगी. लूपे बोट लागायच्या आधीच गेली होती.

तिला नुकुआलोफाला आणलं. आईच्या अंगणात माणूस मावेना. बहिणीच्या मातीला भाऊ पुढे नसतो. तो मागे, चुलवणाशी. कमरेला मोठी फाटकी चटई गुंडाळून लिसियाते जमिनीतल्या भट्टीपाशी दगड तापवत बसला, डुकरं सोलत बसला, रताळी भट्टीत लोटत बसला. पुढे बायका रडत होत्या, गात होत्या, लूपे चटयांच्या ढिगावर निजली होती आणि त्याने तिला पाहायचं नव्हतं. त्याने पाहिलंही नाही. धुराने डोळे सुजले त्याचे, असं लोक म्हणाले. म्हणू देत.

संध्याकाळी किटिओने मागे आला आणि त्याच्याशेजारी राखेत बसला. त्याचा आवाज बसला होता.

"शनिवारी तिला काही भीती नव्हती," किटिओने म्हणाला. "मला म्हणाली, कशाला रडताय, मेल गेलाय, तिकडे दारात माझा भाऊ बसलाय. आलेलं पत्र त्याच्या नजरेतून सुटत नाही. रविवारी सकाळी पुन्हा पाठवलं. मग म्हणाली, आता त्यालाच लिहिते. मी म्हटलं, अगं, त्याला? म्हणाली, हो, त्यालाच. मी टाइप केलं, तिने सांगितलं तसं." त्याने एक काटकी आगीत टाकली. "एकच सांग मला, लिसियाते. तबकडी नीट लावली नव्हती का मी? पोचलंच नाही का ते?"

खोटं बोलायची सोय होती. तबकडी वाकडी होती, वारा होता, ढग होते, काहीही चाललं असतं. आणि मग किटिओनेने जन्मभर आपल्या हातांना दोष दिला असता.

"नीट लावली होती, दाजी," लिसियाते म्हणाला. "पोचलं होतं."

किटिओनेने अंगावरची राख झटकली आणि तो उठून गेला. त्यानंतर तो लिसियातेशी वाकडं कधी बोलला नाही. तसा फारसा बोललाही नाही.

मंडळाने लिसियातेला काही केलं नाही. पाद्रीबाबा म्हणाले, देवाची इच्छा. आई त्याला म्हणाली, तू चुकला नाहीस. सगळे असंच म्हणत होते आणि तेच त्याला सोसवेना. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मेलियामे परतली तेव्हा तिने छाती पिटून घेतली. त्याने पहिल्याच आठवड्यात तो नियम काढून टाकला. आता ओलोमोतूची पत्रं, तिथल्या नव्या नर्सची, सगळ्यांबरोबर त्याच्यासमोर येत, तो उघडून सोडत असे, आणि बेटाच्या नर्सला त्याचा चेहरा दिसत नसला तरी त्याची मान खाली असे. जुनी पेटी मात्र राहिली. तीत एकचा आकडा राहिला.

मुलीचं नाव तोआकासे ठेवलं. किटिओनेच्या आईने तिला वाढवलं. शाळेसाठी ती नुकुआलोफाला आली आणि सुट्टीच्या दिवशी मामाच्या घरी येऊ लागली. भाचीचा मामावर केवढा हक्क असतो ते आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ती मागेल ते द्यायचं. तिने त्याचा रेडिओ नेला. जाकीट नेलं. रविवारच्या भट्टीतला डुकराचा चांगला तुकडा तिच्या पानात पडायचा. एकदा ती म्हणाली, "मामा, तुझी सायकल मला आवडली," आणि तो महिनाभर पायी कामावर गेला. सेलुवाया म्हणायची, "तिच्यापुढे तुझी जीभ टाळूला चिकटते." तो म्हणायचा, "हक्क आहे तिचा."

मग दवाखान्याचं टपाल परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या कंपनीकडे गेलं. कोठीतला सर्व्हर नको झाला. त्यावरचं सगळं नव्या जागी हलवलं, एक पेटी सोडून. केव्हा तरी बंद करायचा म्हणून तो फळीवर तसाच घरघरत होता, आणि लिसियाते आज करतो, उद्या करतो म्हणत होता. शेवटी मंडळाने दिवस ठरवून दिला. त्या दिवशी तो कोठीत बसला असताना तोआकासे दारात आली. शाळेच्या निळ्या पोशाखात, वेण्या घातलेल्या. बारा वर्षांची. उभं राहायची ढब थेट आईची.

"बाबा म्हणाले, हे मशीन आज टाकून देणार."

"हो."

"आईचं पत्र आहे यात."

लिसियातेने पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"बाबांनीच लिहिलं होतं, पण त्यांना आता नीट आठवत नाही म्हणतात. मला ते हवंय, मामा." तिने आवाज चढवला नाही. सायकल मागितली होती तशीच मागत होती.

त्याने बारा वर्षं स्वतःला सांगितलं होतं की ते बहिणीचं आहे, त्याला हात लावायचा नसतो. त्या रविवारी ते खरं होतं. नंतर तो घाबरत होता, बाकी काही नाही. पण समोर उभी होती तिला नाही म्हणता येत नव्हतं. तीही रीतच होती. त्याने पेटीवर बोट ठेवलं आणि दाबलं. मग खुर्ची तिच्यासाठी सरकवली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तोआकासे वाचायला लागली. मोठ्याने, शाळेत वाचतात तशी, एकेक शब्द सुटा करून.

"लिसियाते, हे तुझ्यासमोर असणार, मला माहीत आहे. दोन्ही उघड आणि डॉक्टरांना सोड. मी बहीण आहे, मी सांगते आहे. मी रागावणार नाही."

सर्व्हर घरघरत होता. व्हरांड्यातून कुणीतरी झाडू मारत गेलं.

"एवढंच आहे," तोआकासे म्हणाली. तिने ते पुन्हा एकदा पुटपुटत वाचलं. मग तिने विचारलं, "तू उघडलं का नाहीस, मामा?"

लिसियातेने भिंतीकडूनच उत्तर दिलं.

"ती माझी बहीण होती."

तोआकासेला वडिलांच्या दुसऱ्या बायकोपासून एक धाकटा भाऊ होता. आता दहा वर्षांचा. त्याचं अंथरूण याच उन्हाळ्यात वेगळ्या झोपडीत गेलं होतं. तिने मान डोलावली. तिला कळलं.